किनाऱ्यावरचे करडे पक्षी ओळखायचे कसे?

दुर्बीण, वही, टोपी घेतली असं धरून चालतो.   

किनाऱ्यावर पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. पाणी चढेल तसे चिखलावर पांगलेले पक्षी आपणच तुमच्याकडे सरकत येतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. ऊन पाठीवर घ्या.

खरी अडचण इथून पुढे. शरदात थवा समोर असतो आणि सगळे पक्षी एकसारखे करडे दिसतात. अशा वेळी ‘आधी रंग बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. विणीचे रंग उतरत आलेले असतात, चिखलाने पाय माखलेले असतात, ढग आला की छटा बदलते. मी दोन हंगाम रंगावरून नोंदी केल्या आणि नंतर त्यातल्या बहुतेक खोडाव्या लागल्या.

आधी पक्षी खातो कसा ते बघा. एकच पक्षी धरा आणि पाच मिनिटं त्याच्यावरून दुर्बीण हलवू नका. चिखल्या (प्लोव्हर) चार पावलं पळतो, थबकतो, टक लावून बघतो आणि एकदाच टिपतो. डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेने शिकार करतो. तुतवार (सँडपायपर) आणि टिलवे (स्टिंट) मान खाली घालून चालत राहतात, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात खालीवर होते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की निम्मा थवा तिथेच वेगळा होतो.

मग चोच डोक्याच्या लांबीशी ताडा. डोक्यापेक्षा आखूड, तेवढीच की दुप्पट? सरळ की टोकाशी वाकलेली? पक्षी उडाला तर पंखावरची पांढरी पट्टी आणि कंबरेचा, म्हणजे शेपटीच्या वरच्या भागाचा, रंग बघा. पिसांकडे वळायचं ते यानंतर. हंगामाच्या सुरुवातीला बहुधा प्रौढ पक्षी येतात, झिजलेल्या पिसांचे, छातीवर विटकरी डाग शिल्लक असलेले. काही आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्लं येतात. त्यांची पाठ कोरी करकरीत असते, प्रत्येक पिसाला फिकट कड, माशाच्या खवल्यांसारखी. एकाच जातीचे हे दोन वेश अनेकजण दोन जाती म्हणून लिहून ठेवतात.

फोटोसाठी थवा उठवू नका. याबाबतीत मी कुणाचंही कारण ऐकून घेत नाही. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं (हाही चिखलात चरणारा किनारी पक्षी) एक पिल्लू अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियापर्यंत, १३,५६० किलोमीटर, न उतरता ११ दिवसांत उडालं. तो प्रवास अंगावर साठवलेल्या चरबीवर होतो आणि ती चरबी अशाच चिखलात जमते. खाणं थांबवून माना वर झाल्या की तुम्ही फार जवळ गेलात. चार पावलं मागे या आणि खाली बसा.

न ओळखलेला पक्षी वहीत ‘लहान तुतवार, जात नक्की नाही’ असाच लिहा, शेजारी चोचीचं चित्र काढा.