अमेरिकन लॉ फर्ममधलं एक वर्ष: आधी कॅलेंडर उघडा

एलएल.एम. (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करून अमेरिकेतल्या लॉ फर्ममध्ये वर्षभर काम शिकायचं म्हणणाऱ्या वकिलांना मी आधी कॅलेंडर उघडायला सांगते. हुशारी इथे बहुतेकांकडे असते, गाडी अडते ती तारखांवर.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलात की १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित काम करायची परवानगी मिळते. इंजिनिअर मंडळींना मिळणारी पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ कायद्याच्या पदवीला नाही. अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि ओपीटी सुरू होण्याची तारीखही त्या शेवटच्या ६० दिवसांतलीच निवडावी लागते. नोकरीची ऑफर सप्टेंबरची असेल तर ही तारीख उशिरातली उशिरा घ्या. ओपीटी लागू झाल्यावर एकूण ९० दिवसच नोकरीविना राहता येतं. मेमध्ये वर्ग संपतात, जुलैअखेर न्यूयॉर्क बारची, म्हणजे तिथल्या वकिली परवान्याची परीक्षा आणि त्यानंतर नोकरी. घाईने मेमध्येच ओपीटी सुरू केली तर हे दिवस अभ्यासातच उडतात.

न्यूयॉर्क बारचं म्हणाल तर आपली एलएल.बी. कॉमन लॉ, म्हणजे इंग्लिश धर्तीच्या कायद्याच्या देशातली, म्हणून वाट सोपी असेल असं वाटतं. पण पदवीचा कालावधी किंवा आशय त्यांच्या निकषात कमी पडला तर किमान २४ क्रेडिट्सची एलएल.एम. लागते, आणि त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी (वकिलीचे नीतिनियम), लीगल रिसर्च अँड रायटिंग असे ठरलेले विषय हवेत. कोर्स निवडतानाच हे पाहा. शिवाय ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे विनामोबदला कायद्याचं काम लागतं, ते कॉलेजच्या लीगल क्लिनिकमध्ये (कायदा मदत केंद्रात) उरकता येतं. पात्रता तपासायचा अर्ज भारतात असतानाच करा. कागदपत्रं विद्यापीठाकडून थेट जावी लागतात, आणि आपल्या विद्यापीठांच्या खिडक्या किती वेगाने हलतात ते मी सांगायला नको.

मुलाखतींचा हंगाम जानेवारीत. 'फॉरेन असोसिएट', म्हणजे वर्षभरासाठी आलेला परदेशी वकील म्हणून घेताना तुमच्या गुणांइतकाच आणखी एक हिशेब असतो: हा माणूस परत गेल्यावर तिथून काम येईल का? जपानी वकिलांना बऱ्याचदा त्यांची फर्मच पाठवते, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडून एकटे जाणाऱ्यांनी त्यामुळे आधीच्या सीनियरचे, क्लायंटचे संबंध संकोच न करता सांगावेत. मला तर हाच मुद्दा मार्कांपेक्षा जड वाटतो.

कामाला लागल्यावर पहिला धक्का टाइमशीटचा. बहुतेक ठिकाणी दर ६ मिनिटांचा हिशेब ०.१ तास असा लिहायचा, आणि 'ड्राफ्ट वाचला' एवढ्याने भागत नाही. कोणतं कलम, कशासाठी, तेही हवं. सुरुवातीला ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीची कागदपत्रांची छाननी), रेडलाइन (मसुद्यातले बदल खुणांनी दाखवणं), डॉक्युमेंट रिव्ह्यू हेच येतं. कंटाळवाणं आहे खरं, पण व्यवहार कसा बांधतात ते तिथेच कळतं. मेमोत उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. आपल्या अर्जांसारखी 'सदरहू'ची लांबलचक वाट पार्टनर चालत बसत नाही. आणि बारमध्ये नाव लागेपर्यंत ईमेलखाली 'अॅटर्नी' लिहू नका. फर्म जे पदनाम देईल, उदाहरणार्थ 'लॉ क्लार्क', तेच लिहा.