ओतँ बघायचं तर आधी डोंगर चढा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या ओतँला येणारे बहुतेक जण रोमन थिएटरच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि निघतात. माझ्याकडे दिजाँला पाहुणे आले की मी त्यांना आधी गावात नेतच नाही. ओतँपासून पंचवीसेक किलोमीटरवर डोंगरावर असलेल्या बिब्राक्तला नेते, कारण तो डोंगर ओस पडला तेव्हाच ओतँ नांदायला लागलं.

बिब्राक्त ही एदुई या जमातीची राजधानी. एदुई हे गॉल, म्हणजे रोमनांच्या आधी आजच्या फ्रान्समध्ये राहणारे लोक. इ.स.पू. ५२ मध्ये अलेसियाच्या लढाईत गॉल रोमनांकडून हरले आणि तो हिवाळा रोमन सेनापती सीझरने इथेच काढला. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात खाली सपाटीला ऑगुस्तोदुनुम वसलं, तेच आजचं ओतँ. लोक तिकडे उतरले, वर बीचचं जंगल वाढलं.

गाडी भाड्याने घ्याच, बसच्या भरवशावर राहू नका. पायात पकड असलेले बूट हवेत. तटाचा एक भाग दरवाजापाशी पुन्हा बांधून दाखवलाय, तिथे घाई करू नका. दगडांच्या मधून लाकडी तुळयांची टोकं डोकावतात. आत आडव्या-उभ्या तुळया लांब लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या असत. मग संग्रहालयात इटलीहून वाइन घेऊन आलेले मातीचे उंच कुंभ बघा. सीझरची फौज यायच्या कितीतरी आधी रोमची वाइन इथे पोचली होती! माझ्या मते जिंकण्याची गोष्ट तिथून सुरू होते.

आता ओतँ. सेंट आंद्रे वेशीला दोन मोठ्या कमानी गाड्यांसाठी, दोन लहान पायी चालणाऱ्यांसाठी. बाजूच्या बुरुजाचं पुढे चर्च झालं, म्हणून तो टिकला. थिएटर अर्ध्या तासात होतं.

वाचवलेला वेळ आरू नदीपलीकडच्या जानुसच्या देवळाला द्या. शेतात उघड्यावर दोनच भिंती उभ्या आहेत, वीस मीटरहून उंच. जवळ जा. लहान घडीव दगड ओळीने बसवलेत, ही रोमन हातोटी. पण भिंतीवरच्या भोकांची रांग बघा: तिथे तुळया अडकवून भोवतीच्या ओवरीचं छप्पर पेललं होतं. मधे उंच चौकोनी गाभारा आणि चहूबाजूंनी ओवरी, ही ठेवण गॉल प्रदेशातली. राज्य गेलं तरी लोकांनी देवळाचा आराखडा सोडला नाही. मला हे थिएटरपेक्षा मोठं वाटतं.

आसपासच्या झुडपी कुंपणांच्या कुरणांत पांढरी शारोले गुरं चरतात. वाटेत फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, कुंपणाच्या तारेला हात लावू नका, तिच्यात वीज असते. शेतकरी भेटला तर आधी 'बोंझूर', मग प्रश्न. खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, त्यामुळे पाव-चीज सकाळीच घेऊन ठेवा. बिब्राक्तचं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. जंगलातले अवशेष मात्र बाराही महिने बघता येतात, तिकीट नाही.