काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स कसा बघायचा

1949 चा ब्रिटनमधल्या ईलिंग स्टुडिओचा हा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर बघताना सबटायटल्स लावाच, कारण खरी मजा नायक लुईच्या निवेदनात आहे, खुनाबद्दल तो इतका शांतपणे बोलतो की एक वाक्य सुटलं तरी चुकल्यासारखं होतं. लुईच्या आईला तिच्या डॅस्कॉइन घराण्यानं कसं तोडलं ते नीट बघा, खुनांचं सगळं तिथूनच सुरू होतं. मग अ‍ॅलेक गिनेस या नटाला शोधत राहा, त्या घराण्यातले आठ जण तोच झालाय, लेडी अगाथासुद्धा! चर्चमधे त्यातले सहा एकाच फ्रेममधे दिसतात तिथे पॉज कराच, लेन्सचा भाग झाकून झाकून तीच फिल्म परत परत एक्स्पोज केलीय, कमाल आहे राव. आणि शेवट ब्रिटिश प्रिंटमधलाच बघा, अमेरिकेत जास्तीचा तुकडा जोडून सगळंच उघड करून टाकलंय.