नागपुरातील हिरव्या वसाहतीत राहताना

नागपुरात सदनिका पाहायला येणारी मंडळी वसाहत हिरवी आहे की नाही, हे बहुधा डिसेंबरात ठरवतात. तेव्हा हिरवळ नीट कापलेली असते, शेवंती फुललेली असते आणि ऊनही हवेहवेसे वाटते. खरी पारख मात्र नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता होते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे वसाहत हिरवी असणे म्हणजे आवारात सावली असणे आणि ती सावली जगवण्यापुरते पाणी वसाहतीने स्वतः राखलेले असणे. त्यामुळे मे महिन्याची सगळी तयारी जानेवारीच्या सभेतच ठरवावी लागते. आमच्या ४८ सदनिकांच्या वसाहतीत हे आम्ही हळूहळू, आणि एकदा नुकसान सोसून शिकलो.

सर्वप्रथम आवारात फिरून प्रत्येक झाडाचा बुंधा पाहावा. आमच्या फाटकाजवळच्या गुलमोहराभोवती आम्हीच सिमेंटचा थर देऊन थेट सालीला टेकतील असे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. जूनच्या पहिल्याच वादळात ते झाड मुळासकट आडवे झाले. उघडी पडलेली मुळे हातभरही खोल गेलेली नव्हती आणि त्यांना चिकटलेली माती, आदल्या रात्री पाऊस पडूनही, पिठासारखी कोरडी होती. तेव्हापासून प्रत्येक बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवण्याचा नियम आम्ही केला आहे. नवीन झाड लावताना कडुनिंब, करंज किंवा बकुळ निवडावे. वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे मोठ्या मैदानातच शोभतात, त्यांची मुळे इमारतीच्या आणि हौदाच्या भिंती फोडतात. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जोत्याला लागून हिरवळ करून रोज पाणी सोडणे टाळावे. जोत्याला तडे जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. फांद्या वाहनतळावर येतात म्हणून परस्पर कुऱ्हाड चालवू नये. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्षतोडीसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि छाटणीपूर्वीही उद्यान विभागाला विचारणे योग्य ठरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पाने गळू लागली की सफाई कर्मचारी ती कोपऱ्यात गोळा करून पेटवतात. हे पहिल्याच दिवशी थांबवावे, कारण हा पालापाचोळा म्हणजे वर्षभराच्या खताचे अर्धे भांडवल आहे. तो पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. खतासाठी विटांची दोन जाळीदार टाकी पुरतात: एक भरत असताना दुसऱ्यातील खत तयार होत राहते. तळाशी काटक्यांचा थर द्यावा, त्यावर प्रत्येक बादलीभर ओल्या कचऱ्यामागे निदान तितकाच पाचोळा पसरावा आणि सुरुवातीला आंबट ताक किंवा जुने खत शिंपडावे. टाक्याला वास येऊ लागला, तर त्याचा अर्थ पाचोळा कमी पडला आणि हवा खेळत नाही, एवढाच असतो. मिश्रण उलथून आणखी पाने घातली की दोन दिवसांत वास जातो. आमच्याकडे संत्र्याच्या सालींनी मोठी अडचण केली. हंगामात प्रत्येक घरातून पिशवीभर साली येतात, त्यांतील तेलामुळे त्या लवकर कुजत नाहीत आणि त्यांवर हिरवी बुरशी दिसली की लोक घाबरतात. बुरशी हे कुजण्याचेच लक्षण आहे. साली बारीक तोडून पातळ थरांत घातल्या म्हणजे काम भागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावण्याची जबाबदारी टाकली होती, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोवरचा भार पाहता लहान वसाहतींनीही ती आपली मानावी, असे मला मनापासून वाटते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. नागपुरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर पाच लाख लिटर पाणी येते आणि गळती-बाष्पीभवन वजा करूनही चार लाख लिटर हाती राहू शकते. मात्र काळ्या मातीत उथळ खड्डा खोदून ते मुरत नाही. खड्डा मुरमापर्यंत न्यावा किंवा गच्चीचे पाणी गिट्टी, रेती आणि कोळशाच्या गाळणीतून बोअरवेलमध्ये सोडावे. मृग नक्षत्र लागण्याआधी गच्ची झाडून घ्यावी आणि पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त भांडणे कूलरवरून होतात, कारण एकेक मोठा कूलर दिवसाला कित्येक बादल्या पाणी पितो. तो सावलीच्या बाजूच्या खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कूलरमध्ये घालू नये, त्यातील क्षारांनी वाळ्याच्या ताट्या दगडासारख्या होतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे. डेंगीचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सर्वांनी कूलरच्या टाक्या रिकाम्या करून घासाव्यात. आमच्याकडे रविवारी सकाळी प्रत्येक मजल्यावरून एक नळी खाली उतरते आणि ते पाणी दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांच्या आळ्यात जाते.

वरच्या मजल्यावरील कुटुंबांसाठी गच्चीला मार्चअखेर पांढरा रंग किंवा चुना द्यावा. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असल्यास, पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यांतील दिवे यांची वर्षभराची वीजबिले एकत्र करून त्यांवरून किती किलोवॅट लागतील ते काढावे, आणि तो कागद हातात घेऊनच सभेत विषय मांडावा.