बाहेरच्या खुर्च्या-टेबलावरचा झाडाचा चीक कसा काढायचा

झाडाखाली खुर्च्या-टेबल ठेवलं की चीक पडणारच, आणि तो जेवढा लवकर काढाल तेवढं बरं, उन्हात वाळला की दगड होतो. आधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने पुसून बघा, कारण साधा डिंक पाण्यात सुटतो पण पाइनसारख्या झाडांची राळ अजिबात सुटत नाही, ती नुसती पसरते आणि बोटांना पण चिकटते.

राळ असेल तर रबिंग अल्कोहोल (औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. कापसाचा बोळा त्यात भिजवून डागावर एक-दोन मिनिटं नुसता दाबून ठेवायचा, घासायचं नाही, मग कडा मऊ होऊन उचलल्यासारख्या दिसतात, तेव्हा जुन्या प्लास्टिक कार्डाने हळूच खरवडा आणि साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. पॉलिश केलेलं लाकूड असेल तर आधी खालच्या बाजूला ट्राय करा हं, शेलॅक म्हणजे लाखेचं पॉलिश अल्कोहोलने विरघळतं. तिथे खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवलेलं बरं, वेळ लागतो पण पॉलिश वाचतं. प्लास्टिकवर नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, त्यातल्या अॅसिटोनने बरंच प्लास्टिक वितळतं. लोखंडी फर्निचरला फार टेन्शन नाही, फक्त तारेची घासणी लावू नका, रंग निघाला की गंज धरतो.

कुशनवर पडलं तर बर्फ पिशवीत घालून ठेवा, कडक झालं की तुकडे पाडा, उरलेल्याला अल्कोहोल आणि मग धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका.