एएफएल ड्राफ्टवर वाद घालताना या चुका टाळा

ग्रँड फायनल संपली की ऑस्ट्रेलियन फूटीच्या चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये ट्रेडचे दिवस, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची आणि पिकांची अदलाबदल; नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एएफएल या लीगच्या क्लबांनी आळीपाळीने नवी पोरं निवडण्याचा कार्यक्रम (निवडीची प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक); आणि तोवर प्रत्येक क्लबच्या चाहत्यांत एकच विषय: आपला पहिला पिक कोणावर लावायचा? मला हा वाद मनापासून आवडतो. तळाच्या संघाला पहिली संधी मिळते, पैशाच्या जोरावर कुणाला पळवता येत नाही, आणि अठरा वर्षांच्या एका पोराच्या निवडीवर क्लबची पुढची दहा वर्षं फिरू शकतात. १९८६ पासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि तिच्यावर तावातावाने बोलणं हा चाहत्याचा हक्क आहे.

पण दरवर्षी हा वाद त्याच त्याच जागी रुतून बसतो. आपण पोराच्या नावावर भांडतो. तो कोणत्या किमतीला मिळणार आणि कोणत्या वर्षी उपयोगी पडणार, हे विचारायचं राहूनच जातं.

कागदावरचा नंबर खरा धरणं

गुणतक्त्याच्या उलट क्रमाने पिक मिळतात, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून "आपला पिक तिसरा, म्हणजे दोघं गेले की तिसरा पोरगा आपला" असा हिशोब मांडला जातो. बहुतेक वर्षी हा हिशोब ड्राफ्टच्या रात्री पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडतो.

कारण मध्ये फादर-सन (क्लबच्या जुन्या खेळाडूंचे मुलगे) आणि अकॅडमीची (क्लबने स्वतः घडवलेली) पोरं येतात. वडील एखाद्या क्लबकडून १०० सीनियर सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा हक्क असतो. दुसऱ्या कुणी त्या मुलाचं नाव पुकारलं, म्हणजे त्याच्यावर बोली लावली, की हक्काच्या क्लबने त्या पिकच्या किमतीइतके गुण आपल्या पिकांमधून मोजून द्यायचे आणि पोरगा घेऊन जायचा. २०१५ मध्ये आलेल्या तक्त्यात पहिल्या पिकचे ३००० गुण होते, चौथ्याचे २०३४, दहाव्याचे १३९५, अठराव्याचे ९८५.

२०२१ चा ड्राफ्ट आठवा. गोल्ड कोस्टच्या हातात तिसरा पिक होता. त्यांच्या आधी जीडब्ल्यूएसने (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) सॅम डार्सीचं नाव घेतलं. वेस्टर्न बुलडॉग्जने फादर-सनचा हक्क वापरून त्याला नेलं. जीडब्ल्यूएसचा दुसरा पिक तिसरा झाला आणि त्यावर त्यांनी फिन कॅलहनला घेतलं. मग चौथ्या क्रमांकावर गोल्ड कोस्टने निक डेकॉसवर बोली लावली, ती कॉलिंगवूडने भरून काढली. गोल्ड कोस्टने शेवटी मॅक अँड्र्यूला घेतलं तेव्हा क्रमांक पाचवा लागला होता. हातातला पिक तोच होता, फक्त दोन घरं मागे सरकला होता.

कॉलिंगवूडची बाजूही पाहण्यासारखी आहे. २०३४ गुणांवर तेव्हा २० टक्के सवलत होती, म्हणजे १६२७ गुण मोजायचे होते. ते त्यांनी मागच्या फेऱ्यांमधल्या पिकांचा गठ्ठा देऊन भागवले. एरवी ज्या पिकांकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्यांच्या बदल्यात आजच्या घडीचा लीगमधला एक सर्वोत्तम खेळाडू आला. इतर क्लबांना हे खुपलं यात नवल नाही. २०२५ पासून सवलत १० टक्क्यांवर आणली गेली आणि ५४ नंतरच्या पिकांना गुणच उरले नाहीत. त्यामुळे जुन्या आठवणींवर "मागचे पिक गोळा करा, पोरगा फुकटात येईल" असं सांगणाऱ्याचं गणित आता चुकतं.

उपाय सोपा आहे. चर्चेच्या आधी त्या वर्षी कोणती पोरं कोणत्या क्लबला बांधलेली आहेत, याची यादी करा. त्यातली किती आपल्या पिकच्या वर पुकारली जातील ते पाहा आणि तेवढी घरं मागे सरकून मगच नावं घ्या. आपल्या क्लबचा पोरगा त्या यादीत असेल, तर त्याच्यावर बोली लागण्याआधी आपला पिक वापरून होतो का, हा प्रश्न सगळ्यात मोठा.

पुढच्या वर्षीचा पिक कवडीमोल समजणं

२०१५ पासून क्लबांना पुढच्या वर्षीचे पिकही ट्रेड करता येतात. तेव्हापासून प्रत्येक वादात हे वाक्य ऐकू येतं: "देऊन टाका पुढचा पहिला पिक, आपण तर पहिल्या आठात असणार!" बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत.

कॉलिंगवूडने २०२० च्या ड्राफ्टमध्ये आपला २०२१ चा पहिल्या फेरीचा पिक जीडब्ल्यूएसला दिला आणि बदल्यात विशीतिशीतले दोन पिक घेतले. तेव्हा ते फायनल्स (हंगामाच्या शेवटी वरच्या संघांत होणारे बाद सामने) खेळून आलेला संघ होते, पिक मागे कुठेतरी लागेल असं धरणं वावगं नव्हतं. पुढच्या हंगामात ते सतरावे आले आणि दिलेला पिक दुसऱ्या क्रमांकाचा ठरला. वर सांगितलेला फिन कॅलहन त्याच पिकवर आला.

आपल्या संघाच्या पुढच्या हंगामाबद्दल चाहत्याइतका वाईट भविष्यवेत्ता शोधून सापडणार नाही. म्हणून अशा ट्रेडची बाजू घेताना एकच कसोटी लावावी: पुढच्या वर्षी आपण तळाच्या चारात गेलो, तरी हा सौदा पटेल का? पटत असेल तर खुशाल बाजू घ्या.

आजचं भोक बुजवायला अठरा वर्षांचा पोरगा मागणं

"आपल्याकडे रकमन नाही, म्हणून रकमन घ्या." रकमन म्हणजे उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू. ऐकायला बरोबर वाटतं, पण त्या पोराचं शरीर अजून भरलेलं नसतं. मॅक्स गॉनचं उदाहरण पुरेसं आहे. मेलबर्नने त्याला २००९ मध्ये ३४ व्या पिकवर घेतलं, मधली वर्षं गुडघ्याच्या दुखापतींत गेली, ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात) तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये आणि कर्णधार म्हणून प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचललं २०२१ मध्ये. २००९ च्या रकमनच्या टंचाईवर तो उपाय नव्हताच. मिडफिल्डर लवकर तयार होतात, उंच पोरं वेळ खातात. पुढच्या मार्चमध्ये माणूस हवा असेल तर ट्रेड किंवा फ्री एजन्सीकडे (करार संपलेल्या खेळाडूंकडे) पाहावं आणि ड्राफ्टमध्ये उरलेल्यांतला सर्वांत चांगला पोरगा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पोरं अगदी तुल्यबळ असतील, तरच गरजेला कौल द्यावा.

निकाल पाहून निर्णयाला नावं ठेवणं

ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट.

२०१४ मध्ये सेंट किल्डाने पहिल्या पिकवर उंच फॉरवर्ड पॅडी मकार्टिनला घेतलं. मेलबर्नने दुसऱ्यावर क्रिस्टियन पेट्राकाला घेतलं. २०२१ च्या ग्रँड फायनलमध्ये पेट्राकाने नॉर्म स्मिथ पदक (त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) जिंकलं. मकार्टिनची कारकीर्द डोक्याला वारंवार झालेल्या दुखापतींनी मोडली. आज कुणीही उठतो आणि सेंट किल्डाला नावं ठेवतो. पण २०१५ मध्ये हिशोब मांडला असता तर? गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यामुळे पेट्राका तो आख्खा हंगाम मैदानाबाहेर होता. सेंट किल्डाचा निक रीवोल्ट तिशी ओलांडून गेला होता, त्याच्या जागी उंच फॉरवर्ड शोधणं हे कारण समजण्यासारखं होतं. गरजेपोटी निवड केली, अशी टीका त्या निर्णयावर जरूर करता येते आणि मी ती करतो. पण डोक्याला मार बसेल हे तेव्हा कुणाला दिसत होतं? त्या पोराने जे सोसलं, त्याचा वापर वाद जिंकण्यासाठी करू नये.

आणि २००१. पहिला ल्यूक हॉज, दुसरा ल्यूक बॉल, तिसरा ख्रिस जड. हॉज की जड हा वाद अजून मिटलेला नाही. जडने दोन ब्राउनलो पदकं (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची) मिळवली. हॉजने हॉथॉर्नसाठी चार प्रीमियरशिप जिंकल्या, त्यातल्या तीन कर्णधार म्हणून. या वादात मूळ सौदा सगळे विसरतात. हॉथॉर्नने ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मकफार्लिन हे दोघे फ्रीमँटलला देऊन पहिला, विसावा आणि छत्तिसावा असे तीन पिक मिळवले होते. त्या छत्तिसाव्या पिकवर आला सॅम मिचेल. वर क्रोडही दोन हंगामांनी हॉथॉर्नला परतला आणि २००८ च्या विजेत्या संघात खेळला. नुसतं "हॉज की जड" विचारणाऱ्याच्या नजरेतून सौद्याची सगळ्यात भारी बाजू निसटते.

मग निर्णय तपासायचा कसा? त्या दिवशी कोणाला काय माहीत होतं, ते लिहून काढा. २००६ मध्ये जोएल सेलवूडच्या गुडघ्याची दुखापत सगळ्यांना माहीत होती. सहा क्लबांनी त्याला सोडलं, जिलाँगने सातव्या पिकवर घेतलं, आणि तो ३५५ सामने खेळला. इथे माहिती सगळ्यांकडे सारखीच होती, तिचं मोल मात्र वेगवेगळं केलं गेलं. अशा निवडीवर टीका करणं न्याय्य आहे, कारण त्यातून क्लबच्या डॉक्टरांचा आणि निरीक्षकांचा अंदाज कसा चालतो ते कळतं.

"हरलेलं बरं" म्हणणं

जुलै उजाडला, संघ तळाला असला, की कुणीतरी हे बोलतंच. मला याची मनस्वी चीड आहे.

२००९ मध्ये नियम असा होता की सलग दोन हंगामांत चारपेक्षा जास्त विजय न मिळवणाऱ्या क्लबला पहिल्या फेरीच्या आधी एक जादा पिक मिळे. अठराव्या फेरीत मेलबर्न आणि रिचमंड एमसीजीवर भिडले. मेलबर्न पुढे होता, शेवटच्या क्षणी रिचमंडच्या जॉर्डन मॅकमहनने चेंडू झेलला, भोंगा वाजला, त्याने किक मारली आणि रिचमंड चार गुणांनी जिंकला. मेलबर्नचा हंगाम चार विजयांवर संपला आणि जादा पिक मिळाला. पुढे लीगने त्या हंगामाची चौकशी केली. ठरवून हरल्याचा ठपका क्लबवर आला नाही, तरी २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड बसलाच.

त्या किमतीत मिळालं काय? पहिल्या पिकवर आलेला टॉम स्कली दोन हंगामांनी जीडब्ल्यूएसला निघून गेला. दुसऱ्या पिकवरचा जॅक ट्रेंगोव्ह विसाव्या वर्षी कर्णधारपदाच्या ओझ्याखाली आला, नंतर पायाच्या दुखापतींनी बेजार झाला. आणि तिसऱ्या पिकवर, म्हणजे तो सामना जिंकलेल्या रिचमंडकडे, आला डस्टिन मार्टिन: तीन प्रीमियरशिप, तिन्ही ग्रँड फायनलमध्ये नॉर्म स्मिथ पदक. मेलबर्नला पुन्हा फायनल्स दिसल्या त्या २०१८ मध्ये. हरण्याची सवय ड्रेसिंग रूममध्ये मुरली की ती कोणत्याही पिकने निघत नाही.

"तो घरी परत जाईल" या धास्तीने नावच खोडणं

धास्ती अगदीच निराधार नाही. २०१३ च्या शेवटी ब्रिस्बेनमधून डॉकर्टी, पोलेक, लाँगर, यो आणि कार्नेझिस असे पाच तरुण एकदम गेले. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ चा पहिला पिक. नॉर्थ मेलबर्नमध्ये एकच हंगाम काढून दक्षिण ऑस्ट्रेलियात, पोर्ट ॲडलेडला परतला.

पण खेळाडू गेला म्हणून क्लब रिकाम्या हाताने राहत नाही, त्याला मोबदला मिळतो. जड मूळ व्हिक्टोरियाचा. वेस्ट कोस्टला त्याने सहा हंगाम दिले, २००६ ची प्रीमियरशिप कर्णधार म्हणून जिंकून दिली, आणि तो कार्लटनला गेला तेव्हा बदल्यात पिकांबरोबर जॉश केनेडी आला. तोच पुढे वेस्ट कोस्टचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तेव्हा दूरच्या राज्यातलं पोरगं यादीतून खोडण्याआधी विचारा: तिकडून आलेली किती पोरं आपल्याकडे आधीच रमली आहेत?

वाद अडलाच तर

दोघं एकाच नावावर अडून बसले असतील, तर नाव बाजूला ठेवून "आपल्याला फायनल्स कधी खेळायच्या आहेत, पुढच्या वर्षी की चार वर्षांनी?" हे आधी ठरवा. बहुतेक भांडणं इथेच उलगडतात, कारण दोघं वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असतात. कुणी चित्रफितीवर भर देत असेल, तर त्या पोराचे चांगले तुकडे सोडून एक पूर्ण सामना पाहायला सांगा. चेंडू हातात नसताना तो काय करतो, ते तुकड्यांत दिसत नाही. बोलणं पोराच्या स्वभावावर, घरच्यांवर जाऊ लागलं, तर तिथेच थांबवा. तो अठरा वर्षांचा आहे आणि हे सगळं वाचतो. "आपला पिक नक्की कोणता?" हाच घोळ असेल, तर ट्रेडची मुदत संपेपर्यंत थांबा, आणि तेव्हाही पेन्सिलनेच लिहा: २०१८ पासून ड्राफ्ट चालू असतानाही पिक ट्रेड होतात.

पहिली फेरी झाली की बरेच चाहते ड्राफ्ट पाहणं सोडून देतात. डेन स्वॉन २००१ मध्ये ५८ वा होता. लॅची नील २०११ मध्ये ५८ वा होता आणि त्याच्याकडे दोन ब्राउनलो आहेत. मॅट प्रिडिस तर रूकी यादीतून (मुख्य ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांसाठीच्या दुय्यम यादीतून) आला आणि २०१४ चं ब्राउनलो घेऊन गेला. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमधून रिचमंडने घेतलेला मार्लियन पिकेट पहिला सामनाच ग्रँड फायनलचा खेळला आणि जिंकला. आपल्या क्लबने गेल्या पाच वर्षांत ४० नंतरच्या पिकवर कोणाला घेतलं आणि त्यातले किती टिकले, हे एकदा काढून पाहा. निरीक्षकांची खरी पारख तिथे कळते, आणि पहिल्या पिकच्या वादात त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा, तेही त्यावरूनच ठरवता येतं.