एडवर्ड जेन्नर यांच्या घराला भेट देताना

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात बर्कली हे छोटे गाव आहे. देवीच्या लसीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे ‘द चँट्री’ हे राहते घर येथेच असून आता त्याचे संग्रहालय झाले आहे. हे घर हिवाळ्यात बंद असते आणि इतर महिन्यांतही रोज उघडे असतेच असे नाही. म्हणून उघडण्याचे वार पाहूनच प्रवास ठरवावा. ‘कॅम अँड डर्सली’ हे जवळचे रेल्वे स्थानक बर्कलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर नाही, त्यामुळे पुढच्या वाहनाची सोय आधी करून ठेवावी.

आत शिरताच दालने पाहायला धावू नये. आधी बाग गाठावी. तेथे झाडांच्या ओबडधोबड, सालीसकट वापरलेल्या लाकडांची एक लहानशी झोपडी आहे. जेन्नर तिला ‘लसदेवीचे मंदिर’ अशा अर्थाच्या नावाने संबोधत आणि तेथे गोरगरिबांना विनामूल्य लस टोचत. त्या काळी लस बाटलीत साठवण्याची सोय नव्हती. एकाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचावा लागे, आणि म्हणून टोचून घेतलेला माणूस आठवडाभराने परत येणे महत्त्वाचे असे. याच दंडादंडांच्या साखळीने लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोहोचली व १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. घरातील एखाद्या ज्येष्ठाच्या दंडावरचा देवी काढल्याचा वण ज्याने पाहिला आहे, त्याने या झोपडीच्या दारात जरा जास्त वेळ थांबावे.

घरात जेन्नर यांची अभ्यासिका सर्वांत पाहण्यासारखी आहे. ती पाहण्यापूर्वी प्रयोगाचा क्रम लक्षात असला, तर मांडलेल्या वस्तू बोलू लागतात. १४ मे १७९६ रोजी त्यांनी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील गोस्तन देवीच्या (गाईंपासून माणसाला होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य रोगाच्या) फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला आणि १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. त्याला देवी आल्या नाहीत. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, हेही तेथे उभे असताना मनात यावे. गोस्तन देवीचा असा उपयोग बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्येच करून पाहिला होता; जेन्नर यांचे श्रेय प्रयोग तपासून, नोंदवून १७९८ मध्ये प्रसिद्ध करण्यात आहे. ज्या गाईपासून सेराला संसर्ग झाला, त्या ब्लॉसमचे कातडे मात्र येथे शोधू नये; ते लंडनमध्ये सेंट जॉर्जेस या वैद्यकीय शिक्षणसंस्थेत आहे.

देवीच्या उच्चाटनाची माहिती देणारा भाग घाईत असल्यास भरभर पाहिला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये हा रोग संपल्याचे जाहीर केले, एवढा धागा हाती ठेवावा.

बाहेर पडल्यावर शेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये जावे. त्याचा घंटामनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा, अंगणात उभा आहे, त्यामुळे क्षणभर गोंधळ होतो. जेन्नर यांचे दफन याच चर्चमध्ये, वेदीजवळ झाले आहे.